आमच्या ओढ्यावर स्लॅब नको

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची जनरल बॉडी होती. एरवी मी या सभांना जात नाही. लिफ्टचा मेंटेनन्स, कुत्र्यांची शी आणि पाहुण्यांच्या गाड्या या तीन विषयांवर माणसं अडीच तास बोलू शकतात हे मी एकदा बघितलंय, तेवढं पुरलं. पण या वेळी नोटिशीत पाचवा विषय होता: 'मागील बाजूच्या नाल्यावर आर.सी.सी. स्लॅब टाकून घेणेबाबत पाठपुरावा करणे'. म्हणून गेलो.

आम्ही राहतो कात्रज-धनकवडीच्या बाजूला. सोसायटीच्या मागून एक ओढा जातो, तो पुढे आंबिल ओढ्याला मिळतो. (फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने त्याला 'सीझनल वॉटर बॉडी' म्हटलं होतं. आम्ही 'नाला' म्हणतो. जुन्या गावनकाशावर 'ओढा' लिहिलेलं आहे. कोण किती खोटं बोलतंय ते यावरून ठरवा.) प्रस्ताव असा की साठेक मीटर लांबीचा स्लॅब टाकला की वर वीस गाड्या लागतील, वास बंद होईल, डास जातील आणि फ्लॅटचे भाव वाढतील. परवानगीचं काय, तर 'ते वरून करून घेता येईल, ओळख आहे'.

टाळ्या वाजल्या. विरोधात हात तीन. एक माझा, एक पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा, आणि तिसरे गृहस्थ पंख्याचं बटण दाखवत होते. :-) शेवटी वेळ संपली आणि मतदान पुढच्या रविवारवर ढकललं.

सभेत मला नीट बोलता आलं नाही. कोणी टाळ्या वाजवत असताना मुद्देसूद बोलणं ही एक कला आहे, ती आमच्या धंद्यात शिकवत नाहीत. आम्ही ईमेल लिहितो. तेव्हा जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सभेतला सगळ्यात जोरदार मुद्दा आमच्याच क्षेत्रातल्या एका मित्राने मांडला. म्हणाला, "अरे, पेशव्यांनी अख्खा आंबिल ओढा उचलून दुसरीकडे नेला, तेव्हा कोणी पर्यावरण पर्यावरण केलं नाही. आपण नुसतं झाकण लावतोय." हशा पिकला. मला उत्तर सुचलं नाही, कारण तो म्हणाला ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं घरी आल्यावर सुचलं.

आंबिल ओढा निघतो कात्रजच्या डोंगरात. कात्रजची दोन तळी, मग बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असं करत पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. पण हा त्याचा मूळ रस्ता नव्हे. जुनं पुणं, म्हणजे कसबा, वसलं ते दोन ओढ्यांच्या मधे. पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा. तेव्हा हा ओढा पर्वतीच्या पायथ्यापासून सरळ उत्तरेला यायचा, साधारण आजच्या बाजीराव रस्त्याच्या पट्ट्यातून वाहायचा आणि शनिवारवाड्याच्या परिसरात मुठेला मिळायचा. म्हणजे तुळशीबागेत खरेदी करून बाजीराव रस्त्यावर रिक्षाला हात करता ना, तो जवळजवळ ओढ्याचाच काठ. मी फर्ग्युसनला शिकलो, पंधरा वर्षं त्या रस्त्यावरून गेलो, मला हे तिशीनंतर कळलं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात (१७४०-१७६१) शहर वाढत होतं. ओढा शहराच्या पश्चिम वेशीवर होता आणि पावसाळ्यात त्रास द्यायचा. मग पर्वतीपाशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. जुनं पात्र मोकळं झालं आणि पुणं पश्चिमेला पसरू शकलं. आज सदाशिव पेठेत राहणारा माणूस सगळ्या जगाला अक्कल शिकवतो, त्यामागे एका ओढ्याचा त्याग आहे हे त्याने लक्षात ठेवावं.

इथपर्यंत माझ्या मित्राचं बरोबर. आता पुढचं बघा.

त्याच नानासाहेबांनी याच ओढ्यावर वर कात्रजला तलाव बांधला. त्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडविटांचा बांधीव नळ आणला, सातआठ किलोमीटर, निव्वळ उतारावर. पंप नाही, वीज नाही. वाटेत ठरावीक अंतरावर 'उच्छ्वास' ठेवले, म्हणजे हवा खेळावी, दाब सुटावा आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यावा. काळा हौद, बदामी हौद ही नावं त्याच पाणीपुरवठ्याची. खाली पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. सारसबागेतला गणपती 'तळ्यातला गणपती' का, तर तिथे खरोखर तळं होतं म्हणून. बाग त्या आटवलेल्या तळ्यात आहे.

आता एक इंजिनियर म्हणून हे डिझाइन वाचा. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला आधी वर साठवलं, त्यातलं काही प्यायला नेलं, खाली पुन्हा साठवायला जागा दिली, आणि उरलेल्याला नवं उघडं पात्र दिलं, ज्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा मोकळी जमीन होती. वर बफर, खाली बफर, मधे ओव्हरफ्लोला वाट. आणि जिथे पाणी जमिनीखाली घातलं तिथे माणूस उतरेल अशी भोकं ठेवली. पेशव्यांनी जे जमिनीखाली नेलं ते मोजून काढलेलं पिण्याचं पाणी होतं, पूर नव्हता. पुराचं पाणी त्यांनी आभाळाखालीच ठेवलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हा फरक कळत होता.

त्यांना सगळं कळत होतं असं मला म्हणायचं नाही. नदी हलवणारा माणूस एक न संपणारं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट सही करतो, आणि ते त्याच्या वारसांच्या नावावर असतं. ओढ्याला कृत्रिम वळण दिलंत की ते वळण कायम सांभाळावं लागतं, कारण पाण्याचा मूळ उतार बदललेला नसतो. ते वारस म्हणजे आपण. आणि आपण काय केलं? वरच्या तलावांभोवती आणि खालच्या पात्रात घरं बांधली, खालचं तळं आटवलं, आणि ओढ्यात ड्रेनेज सोडलं. मग वास आला म्हणून त्याला नाला म्हणायला लागलो. पेशव्यांनी ओढा हलवला, आपण ओढा हरवला. त्यांचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या, नुसतं सोयीचं नको.

पुण्याला पूर म्हटला की पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१. अजूनही जुन्या वाड्यांमधे लोक 'पाणी इथपर्यंत आलं होतं' म्हणून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. माझी आजी तारखा तशाच सांगायची: पुराच्या आधी, पुराच्या नंतर. त्यामुळे आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय की पूर नदीतून येतो, धरणातून येतो. नदीपासून लांब घर घेतलं की झालं. मी पण असंच घर घेतलं. नदीपासून चांगलं पाचसहा किलोमीटर लांब आणि बऱ्यापैकी उंचावर.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. पाऊस संध्याकाळपासून होता. पुण्यात राहून पावसाला कोण घाबरतं? मी लॅपटॉपवर अमेरिकेच्या टीमशी कॉलवर होतो. साडेदहाच्या सुमाराला बेसमेंटमधून गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. एक, मग तीन, मग सगळे. मग एकेक करून बंद पडले. ते बंद पडणं जास्त भीतीदायक होतं.

त्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जे केलं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. गाड्या एकमेकांवर चढलेल्या. पुणे शहर आणि आसपास मिळून वीसच्या आसपास जीव गेले. धरण फुटलं नव्हतं. नदी पात्र सोडून बाहेर आली नव्हती. लोकांना बुडवलं ते त्यांच्या कंपाउंडच्या मागच्या नाल्याने.

आता माझी गोष्ट. २०१६ साली आमच्या सोसायटीने ओढ्याच्या कडेची जुनी तारेची जाळी काढून आठ फुटी पक्की भिंत बांधली. कारण वास, डास आणि 'पलीकडची पोरं आत येतात'. त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. ड्राफ्टही मीच केला होता, मराठी टायपिंग येतं म्हणून. 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' असा शब्दप्रयोग वापरला होता, मला अजून आठवतंय.

त्या रात्री आधी वरच्या रस्त्याचं आणि उताराचं पाणी आमच्या आवारात शिरलं. पूर्वी ते जाळीतून ओढ्यात जायचं. आता भिंतीने अडवलं. आमची बिल्डिंग एक बादली झाली. बेसमेंट भरलं, पार्किंगमधे कमरेच्या वर पाणी आलं, वॉचमन बायकोपोरांना घेऊन जिन्यावर येऊन बसला. मग साडेअकराच्या सुमाराला ती भिंत एकदम गेली. आमच्या आवारातलं पाणी काही मिनिटांत उतरलं. सगळ्यांनी हुश्श केलं. मी पण केलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ओढ्याच्या पलीकडे राहायच्या. आठ दिवसांनी आल्या. मी म्हटलं, "मावशी, सगळे ठीक ना?" म्हणाल्या, "माणसं ठीक आहेत, बाकी काही राहिलं नाही." थोडा वेळ भांडी घासत होत्या. मग नळ बंद करून म्हणाल्या, "दादा, भिंत तुमची पडली, पण पाणी आमच्यात आलं."

रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मी कदाचित विसरलोही असतो.

म्हणून सभेत जेव्हा एक सभासद म्हणाले की 'पूर झोपडपट्टीमुळे येतो, ती हलवली की प्रश्न मिटतो', तेव्हा मला गप्प बसवेना. हो, काठावरच्या वस्त्यांनी पात्र अरुंद होतं, हे खरं आहे. पण आमची आठ फुटी भिंतही पात्रातच उभी होती, आणि तिला बांधकामाचं बिल, पावती, आर्किटेक्टचा शिक्का सगळं होतं. अतिक्रमण गरिबाने केलं तर ते अतिक्रमण, आपण केलं तर 'अमेनिटी'. २४ जून २०२१ ला, भर पावसाळ्यात आणि कोरोनात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीतली घरं ओढ्याचं पात्र सरळ करायचं म्हणून पाडायला घेतली गेली. न्यायालयाची स्थगिती आल्यावर ते थांबलं. ओढ्याला जागा द्यायची म्हटली की सगळ्यात आधी कोणाची जागा जाते ते बघा. वरच्या अंगाच्या सोसायट्यांच्या भिंती सरळ करायला इतक्या घाईने कोणी बुलडोझर आणल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

बरं, भावना बाजूला ठेवू. आपण आकडेमोड करणारी माणसं आहोत.

आमचा प्लॉट दीड एकराचा, म्हणजे ढोबळमानाने सहा हजार चौरस मीटर. समजा एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला. ६,००० गुणिले ०.१, म्हणजे ६०० घनमीटर, म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर साठ टँकर. (मे महिन्यात आम्ही टँकरवाल्याच्या पाया पडतो. सप्टेंबरमधे एका रात्रीत साठ टँकर आभाळातून फुकट येतात आणि आम्ही त्यांना गेटबाहेर घालवतो.) मातीत, गवतात यातलं बरंच मुरलं असतं, आणि उरलेलं हळूहळू ओढ्यापर्यंत पोचलं असतं. आम्ही सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट केलंय, त्यामुळे ते जवळजवळ सगळंच आणि लगेच निघतं. आता फक्त एक चौरस किलोमीटर धरा. तिथे हाच पाऊस म्हणजे दहा हजार टँकर. सगळ्यांनी एकाच तासात एकाच अरुंद बोळात घुसायचं. यालाच आपल्या भाषेत पीक लोड म्हणतात. कुठलाही शहाणा माणूस सर्व्हर सरासरी लोडवर डिझाइन करत नाही. पण ओढा बघायला आपण जातो मे महिन्यात. त्यात करंगळीएवढं काळं पाणी दिसतं आणि आपण म्हणतो, एवढ्याशा पाण्याला एवढी जागा कशाला?

आता स्लॅब. लोकांना वाटतं स्लॅब वरून टाकायचा, पाणी खालून जाणार, पाण्याला काय फरक पडतो? फरक पडतो. पात्र चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल आहे असं धरा. उघडं असताना काठोकाठ भरलेलं पाणी तळाला आणि दोन भिंतींना घासतं: चार अधिक दोन अधिक दोन, आठ मीटर. वर हवा असते, ती अडवत नाही. स्लॅब टाकलात आणि पाणी स्लॅबला टेकलं की वरचे चार मीटरही घासायला लागतात. बारा मीटर. उतार तोच, आकार तोच, पण मॅनिंगच्या सूत्रात घालून बघा, वाहून न्यायची क्षमता जवळजवळ पाव भागाने कमी होते. म्हणजे ज्या क्षणी सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्या क्षणी तुमचा पाइप लहान होतो. शिवाय स्लॅबला आधार हवा म्हणून मधे खांब येणार. खांबाला आधी गादी अडकणार, गादीला फांदी, फांदीला प्लास्टिक. उघड्या ओढ्यात जेसीबी उतरतो. साठ मीटरच्या अंधाऱ्या भुयारात कोण उतरणार? तुम्ही? मी? नेहमी जो उतरतो तोच उतरणार, आणि कधीकधी तो परत वर येत नाही. या देशात गटारात गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या आपण सगळे वाचतो आणि पान उलटतो.

प्रोग्रामर मंडळींना एका वाक्यात सांगतो. ओढ्यावर स्लॅब टाकणं म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक लिहिणं. एक्सेप्शन येतच राहतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. लॉग स्वच्छ. मॅनेजर खूश. आणि मग एके दिवशी प्रॉडक्शन पडतं आणि कोणालाच कळत नाही का.

हे सगळं आधी होऊन गेलंय. २००८ साली मी ऑनसाइट लंडनला होतो, ऑफिस फॅरिंग्डनला. एका शुक्रवारी संध्याकाळी तिथला एक सहकारी मला रे स्ट्रीटवरच्या एका पबसमोर घेऊन गेला आणि रस्त्यातल्या लोखंडी जाळीवर कान द्यायला सांगितला. मला वाटलं गोरा माझी चेष्टा करतोय. पण खालून खरंच खळाळता आवाज येत होता. ती फ्लीट नदी. वर्तमानपत्रांमुळे जगप्रसिद्ध झालेली फ्लीट स्ट्रीट हिच्याच नावाची. हॅम्पस्टेडच्या टेकड्यांवरून येऊन ब्लॅकफ्रायर्सला टेम्सला मिळते. म्हणजे अजूनही मिळते, पण जमिनीखालून.

तिचं काय झालं ते ऐका आणि आपली आठवण येते का बघा. खाटकांनी, चांभारांनी, घरांनी तिच्यात घाण टाकली. १६६६ च्या आगीनंतर तिच्या खालच्या भागाचा रुंद कालवा केला, दोन्ही बाजूंना धक्के बांधले. चाललं नाही, घाण येतच राहिली. मग १७३३ पासून एक तुकडा झाकायला घेतला आणि वर बाजार भरवला. वास बंद, वर जागा मोकळी! १७६० च्या दशकात उरलेला तुकडा झाकला. एकोणिसाव्या शतकात ती अधिकृतपणे गटार झाली. १८६२ मधे, जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचं काम शेजारी चालू असताना, हे झाकलेलं गटार फुटलं आणि खोदकामात पाणी भरलं. पुढे टेम्सच्या काठाने मोठी गटारं बांधून फ्लीटचं पाणी त्यात घेतलं. पण जोराचा पाऊस आला की तीही ओसंडायची, आणि मैला टेम्समधे. मग त्यासाठी टेम्सखालून २५ किलोमीटरचा महाबोगदा खणला. २०२५ मधे तो पूर्णपणे जोडला गेला. खर्च चार अब्ज पौंडांहून जास्त.

म्हणजे १७३३ मधे कोणीतरी बाजारासाठी जागा हवी म्हणून एक झाकण लावलं, आणि वाद अजून चालूच राहिला, फक्त दर पिढीला बिल मोठं. त्यातला एकही माणूस मूर्ख नव्हता. प्रत्येकाकडे आमच्या नोटिशीतल्या पाचव्या विषयासारखंच रास्त कारण होतं. आणि लंडनकडे दीडशे वर्षं जगभरातून पैसा ओतला जात होता, आपल्याकडूनही. आमच्या सोसायटीच्या सिंकिंग फंडात किती आहेत ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते.

'मग सोलसारखं करू, उघडू नंतर' असंही एक जण म्हणाला. त्याने चोंग्गेचॉनचे फोटो बघितले होते. कोरियातल्या त्या झऱ्यावर काँक्रीट होतं, त्यावर उड्डाणपूल होता, तो सगळा पाडून २००५ मधे जवळजवळ सहा किलोमीटर पात्र पुन्हा उघडलं. फार सुंदर आहे. पण त्यात आज खेळतं ते बहुतेक पाणी पंपाने चढवून सोडलेलं आहे, कारण मूळचं पाणी शहराने कधीच संपवलं होतं. झाकलेलं उघडता येतं, हो. पण उघडल्यावर आत जे मिळतं ते तुम्ही झाकलेलं नसतं.

सेक्रेटरी काकांबद्दल मला वाईट लिहायचं नाही. बँकेतून निवृत्त झालेला सभ्य माणूस आहे, फुकट राबतो. त्यांच्या नातवाला गेल्या वर्षी डेंग्यू झाला, चार दिवस दवाखान्यात होता. त्यांचा स्लॅबचा आग्रह तिथून आलाय आणि तो मला समजतो. पण काका, डेंग्यूचा एडिस डास वाहत्या गटारात अंडी घालत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं: कुंडीखालची ताटली, गच्चीतली उघडी टाकी, क्लब हाउसमागे पडलेले टायर. ते तिन्ही आपल्याकडे आहेत, मी शनिवारी फिरून मोजले. घाणीतले डास वेगळे, आणि त्यांना स्लॅबखालची अंधारी, साचलेली जागा उघड्या ओढ्यापेक्षा जास्तच आवडेल.

वासाचं म्हणाल तर वास ओढ्याचा नाही, आपला आहे. आपल्यासकट वरच्या अंगाच्या इमारतींचं सांडपाणी त्यात येतं. 'पाठपुरावा' करायचाच असेल तर सगळी ड्रेनेज लाइन वेगळी करण्याचा करा. ओळख आहे ना, ती तिथे वापरा. जुन्या भिंतीच्या जागी आपण २०२० मधे परत भिंतच बांधली (तेव्हा सही केली नाही, पण विरोधही केला नाही, हेही लिहून ठेवतो), ती काढून जाळी लावा. मे महिन्यात आपल्या हद्दीपुरता गाळ काढून घ्या. पेव्हर ब्लॉक निम्मे उखडून माती उघडी करा. पार्किंग ही खरी अडचण आहे, मान्य. माझ्याही दोन गाड्या आहेत. त्यातली एक मी विकतो. हे वाक्य बायको वाचणार आहे याची कल्पना आहे, तरी लिहितोय.

यातलं काहीच थोर नाही. ओढ्याचं पुनरुज्जीवन, नदीसंवर्धन वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की जे पाणी आपल्या मागून जातं ते आपल्या डोळ्यांसमोर राहू दे. दिसलं तर कोणीतरी ओरडेल. बाजीराव रस्त्याखालचं पात्र पुणेकरांच्या डोळ्यांआड गेलं आणि दोनतीन पिढ्यांत डोक्यातूनही गेलं. आपला ओढा विसरायला स्लॅबनंतर दहा वर्षं पुरतील. नवीन भाडेकरूला कोणी सांगणारही नाही की तो गाडी कशावर लावतोय.

आमच्या पार्किंगमधे बी विंगच्या तिसऱ्या पिलरवर २०१९ च्या पाण्याची रेघ होती. चिखलाची, तपकिरी, माझ्या छातीएवढी. २०२२ मधे रंगकाम झालं तेव्हा ती गेली. आता तिथे पांढरा ऑइल पेंट आहे आणि 'नो पार्किंग'. पानशेतच्या खुणा लोकांनी पिढ्यान्पिढ्या जपल्या. आपली तीन वर्षंही टिकली नाही.

काल रात्री खाली जाऊन मी ती परत काढली. जुने फोटो फोनमधे होते, त्यावरून टेपने मोजून. लाल ऑइल पेंट, खाली तारीख. कमिटीने दंड लावला तर भरेन.

सभा रविवारी सकाळी दहाला आहे, क्लब हाउसमधे. हात वर करायच्या आधी एकदा खाली जाऊन त्या पिलरला पाठ लावून उभे राहा, आणि रेघ कुठे येते ते बघा. शक्यतो मुलांना घेऊन जा.